म्हैसूरचा डबा, जिंतूरची खंडेनवमी

म्हैसूरहून आल्यापासून जो भेटतो तो राजवाड्याचं विचारतो. राजवाडा मी पाहिला. बाहेरून, दिवे लागलेले असताना, गर्दीत पिशवी पोटाशी धरून. आत गेले नाही. मी जे बघायला गेले होते ते राजवाड्यात नव्हतं. नजरबादच्या एका गल्लीत, शिंप्याच्या दुकानात, अस्तराच्या कापडाच्या फळीवर ते ठेवलेलं होतं. जेवणाच्या डब्याएवढं, काळं, पुढे एक हिरवा दिवा. तिथले लोक त्याला डबाच म्हणतात, म्हणून मीही डबाच म्हणेन.

मी इंदू, जिंतूरची. आठवीत शाळा सुटली, तेव्हापासून मशीनवर आहे. फोनवर आमचा एक गट होता, ब्लाउज शिवणाऱ्या बायकांचा. मुंढा, म्हणजे बाही जोडायचा खांद्याचा गोल, कसा उतरवायचा हे कुणी विचारायचं, कुणी कटोरी ब्लाउजचे फोटो टाकायचं. बऱ्याचजणी बोलूनच सांगायच्या, कारण लिहायचं म्हटलं की आमचा हात जड होतो. गट वाढत वाढत परभणी, बीड करत कर्नाटकात उतरला. मी आणि माझी मैत्रीण शकीला, आम्ही दोघी तो सांभाळायचो. उन्हाळ्यात एका सकाळी उघडून पाहिलं तर गट नव्हता. नियमभंग, एवढंच लिहिलेलं.

झालं होतं असं की पुतळ्यावर चढवलेल्या, मागून खोल गळ्याच्या ब्लाउजचे फोटो, गट ज्या कंपनीच्या जागेवर होता तिच्या यंत्रानं पाहिले आणि त्याला वाटलं, बाई उघडी आहे. पुतळा तो. त्याला डोकंसुद्धा नाही.

अर्ज केले. उत्तर यंत्रानंच दिलं, तेही दर वेळी तेच. कंपनीचा मालक मध्येच बदलला हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्याच दिवसांत त्याच कंपनीच्या जागेवर आमच्या गावातल्या दोन पक्षांची पोरं एकमेकांच्या आयाबहिणी काढत होती आणि ते सगळं जागच्या जागी शाबूत होतं. शकीला म्हणाली, "ताई, शिव्या चालतेत, कटोरी चालत नाही. बघ कसली मर्यादा ही."

आमच्या गटात म्हैसूरची एक मुलगी होती, मंजुळा. ती शिवत नाही. तिचे वडील शिंपी. घरात मराठी बोलतात, पण त्यात कानडी इतकं मिसळलेलं की तिला नुसती मराठी ऐकायची हौस, म्हणून ती आमच्या बायकांचं बोलणं ऐकत बसायची. गट गेल्यावर तिचा फोन आला. "अक्का, आमची स्वतःची जागा आहे. कंपनीची नव्हे, आमची. सगळ्याजणी इकडे या."

बायका एकदा पोळलेल्या. त्या म्हणाल्या, फोटोतला जावई नको. आधी इंदूनं जाऊन डोळ्यांनी बघावं, ती ये म्हणाली तर येऊ. तिकीट त्यांनीच काढून दिलं. आतापर्यंत माझ्यावर एवढं कुणी सोपवलं नव्हतं. 

नजरबाद

आठवीपर्यंत शिकून जे काही वाचता येत होतं ते म्हैसूरच्या स्टेशनाबाहेर आल्यावर संपलं. सगळ्या पाट्या कानडी. चाळीस वर्षांची बाई, आणि पुन्हा निरक्षर. रिक्षावाल्याला फोनवर मंजुळाशी बोलायला लावलं आणि बसले.

मंजुळाच्या वडिलांना मी मामा म्हणू लागले. पांडुरंग मामा. पुढे दुकान, मागे घर. घराणं विठ्ठलभक्त, कित्येक पिढ्यांपूर्वी वरून, महाराष्ट्रातून, आलेलं. नक्की कुठल्या गावाहून ते मामांनाही सांगता येत नाही. चपला कुठं काढाव्यात या विचारात मी दारात उभी होते, तर मामा हातात कात्री घेऊनच बाहेर आले.

"इंदू का? बा बा, आत ये. ऊटा झाला नसंल. ए, वाढ गो हिला!"

ऊटा म्हणजे जेवण, हे पान मांडल्यावर कळलं. केळीच्या पानावर आधी मीठ, मग कोशिंबीर, मग चित्रान्न. चित्रान्न म्हणजे आपला फोडणीचा भातच, पण पिवळाजर्द आणि लिंबू पिळलेला. आपल्याकडे पाहुण्याला "घ्या की अजून" म्हणायचं आणि पाहुण्यानं "नको नको" म्हणायचं, अशी रीत. मामी विचारतच नाहीत. पान रिकामं दिसलं की भात पडतो. मी हात आडवा धरला तर हाताच्या बाजूनं वाढलं. भाकरीशिवाय पोट भरेल का ही काळजी होती, ती पहिल्याच दुपारी मिटली.

जेवणानंतर डबा पाहिला. त्यावर मामींनी क्रोशाचं झाकण विणून घातलं होतं.

"धूळ बसत्येय," मामा म्हणाले.

"अक्का, तुम्ही तरी सांगा यांना," मंजुळा म्हणाली. "झाकण घातलं की तापतो तो. पण हे त्याला स्वेटर घालतात."

मग तिनं मला समजावलं की डबा म्हणजे एक लहान कॉम्प्युटर, मंडळींचं सगळं बोलणं त्यातून चालतं. मोठ्या कंपनीचं म्हणजे खानावळ. मालक एक, भांडी त्याची, आज काय शिजणार ते तो ठरवणार, आणि ऊठ म्हणाला की भरल्या ताटावरून उठायचं. इथं आपापली चूल. या डब्यात विठ्ठल मंदिराच्या मंडळींचं सगळं आहे: भजनांच्या वेळा, लग्नं, शिवणकाम, कुणाला बरं नाही ते. अशा चुली जगभर आहेत आणि एकीची वाटी, म्हणजे निरोप, दुसरीकडे जाते.

"आमचं तुम्हाला पटलं नाही तर तुम्ही तुमची चूल मांडा. बोलणं तुटत नाही," मंजुळा म्हणाली. "कंपनीतून उठलात की सगळी माणसंच तुटतात."

आणि इथली भांडणं? तर मंदिराच्या सेवेला जशी घराघराची पाळी असते, तशीच याचीही लावलेली. ज्या घराची पाळी त्यानं महिनाभर भांडणं मिटवायची. त्या महिन्यात पाळी मामांची होती, आणि भांडण दुकानात येऊन बसलेलं होतं.

ते म्हणजे शेजारचे शिंदे अप्पा. पूर्वज राजाच्या फौजेत होते, अप्पा सरकारी कचेरीतून निवृत्त. घरी तलवार आहे म्हणतात. मला दिसली ती जीभ. अप्पा रोज सकाळी उठून राजकारणाचं काहीतरी टाकायचे, मंडळी वैतागली, आणि देवळात चटईवर बसून सगळ्यांनी ठरवलं की राजकारणासाठी एक वेगळी खोली करायची. तिचं नाव कट्टा. ज्याला बोलायचं त्यानं तिथं जावं.

"मला ह्यांनी देवळाबाहेर बसवलंय," अप्पा मला म्हणाले.

"बाहेर नव्हे ओ अप्पा, कट्ट्यावर," मामा शिवता शिवता म्हणाले. "ऐकणारा येतोय की तिथं."

"कोण येतो? तूच येतोस. भांडायला."

"मग आणि काय पायजे तुमाला?"

अप्पांनी कॉफी संपवली. वाटीत ओतून, निववून, शेवटच्या थेंबापर्यंत. मग माझ्याकडे वळले. "हे बघा बाई. तिकडे मालक बदलला तेव्हा सगळे ओरडले, ह्याचं राजकारण वेगळं, आता वाट लागणार. आधीचा काय साधू होता? त्यांना तुमच्या मताशी देणंघेणं नाही, भांडणाशी आहे. भांडण लागलं की माणूस उठत नाही. उठला नाही की जाहिरात बघतो. ते सोडा. पण मला कट्ट्यावर पाठवणारे हे तरी कोण? ही लहान कंपनीच झाली. मालक बदलला, अष्टे, एवढंच."

मंजुळा हसली आणि अप्पांची रिकामी वाटी उचलून आत गेली. 

जयलक्ष्मीपुरम

मंजुळा नवऱ्याबरोबर जयलक्ष्मीपुरमला राहते, युनिव्हर्सिटीच्या जवळ. नोकरी बेळगोळच्या बाजूला, कारखान्यात, कॉम्प्युटरवर. एका संध्याकाळी ती मला घरी घेऊन गेली. रस्ते रुंद, झाडं जुनी, पोरंपोरी वह्या घेऊन निवांत चाललेली. कुणी कुणाला ढकलत नाही. मी मात्र सवयीनं कडेकडेनंच चालत होते. कोपऱ्यावर तिनं चुरमुरी घेऊन दिली. आपली भेळच, पण चिंचेचं पाणी नाही. कच्चं खोबरेल, किसलेलं गाजर आणि भरपूर मिरची. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा घरचा ठेचा आठवला.

मी तिला विचारलं, अप्पा म्हणाले ते खरं आहे का?

"थोडं खरं आहे अक्का. लहान जागेतही दादागिरी होते. आमचे पप्पा काय कमी हट्टी आहेत?" मग थोडं चालून म्हणाली, "कंपनीत चूक कुणी केली तेच कळत नाही. इथं कळतं. कधीकधी तेच जास्त त्रासाचं असतं."

"आणि तू कामावर असलीस, डब्याला काही झालं तर?"

"पप्पा आहेत ना. बटण माहितीये त्यांना."

बटण मामांना माहीत आहे हे ऐकून मला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

नवरात्रातल्या अष्टमीला सकाळी मी शकीलाला फोन केला. म्हटलं, बघितलं सगळं, माणसं चांगली आहेत, बायकांना सांग. शकीलानं एकेकीला हात धरून आत आणलं. संध्याकाळपर्यंत आमची सगळी वर्दळ मामांच्या डब्यात सुरू झाली होती. मामा कापड बेतता बेतता ऐकत होते. कुणी जालन्याची बाई अस्तर आकसलं म्हणून रडवेली होऊन सांगत होती, तर मामा फोनला म्हणाले, "आधी भिजवायला नको का गो ते?" त्या रात्री चांगली झोप लागली.

नवमी

खंडेनवमीला तिकडे आयुधपूजा म्हणतात आणि गावच्या गाव त्यात असतं. रिक्षांना केळीचे खांब, स्कुटरींना झेंडूच्या माळा, बसच्या कपाळाला गंध. दारादारात कुंकू भरलेले कोहळे फोडत होते. मामांनी दुकान पहाटेच धुऊन काढलेलं. मशिनी पुसल्या, मी माळा ओवल्या. माझ्या सवयीचं काम होतं, म्हणून मनापासून करत होते. एका मशीनला हळदकुंकू मीच वाहिलं आणि हात जोडले. बायकांचं भलं कर म्हटलं.

शकीलाचा फोन आला.

"ताई, गेलं."

"काय गेलं?"

"गट. काल घातला, आज गेला. काही उघडत नाही. बायका म्हणायल्यात, इंदूनं परत खड्ड्यात घातलं."

मी फळीकडे पाहिलं. फळी रिकामी होती. खाली पूजेच्या ओळीत इस्त्री आणि मोठी कात्री यांच्या मधोमध डबा बसला होता. झाकण काढलेलं, कपाळाच्या जागी गंध, वर शेवंतीचं फूल. हिरवा दिवा विझलेला.

आता इथला आणि आपला फरक सांगायला हवा. आपल्याकडे सकाळी पूजा, नैवेद्य, आणि दुपारी मशीन सुरू. दिवाळीचे ब्लाउज डोक्यावर असतात, देवही समजून घेतो. मामांच्या घरी तसं नाही. नवमीला आयुध दिवसभर झोपतं. त्याला हात लावायचा नाही, ते दशमीच्या सकाळी उठतं.

मंजुळाला फोन लावला. ती बेळगोळला, कारखान्यातल्या पूजेत. रिंग वाजत राहिली. मी मागच्या दारी जाऊन बसले. ज्या घरचं अन्न खाल्लं त्या घरच्या माणसाला देवापुढची वस्तू उचल म्हणायचं कसं? आणि तिकडे माझ्या शब्दावर उठून आलेल्या बायका. फोन थरथरत होता, मी तो पदराखाली धरून ठेवला होता. एकदा वाटलं, तशीच स्टेशनवर जावं.

अप्पा प्रसादाला आले. माझं तोंड पाहून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. आधी ते हसले. बराच वेळ हसले. मग म्हणाले, "कंपनीला किती अर्ज केलेत?"

"पुष्कळ."

"माणूस भेटला?"

"नाही."

"हा बसलाय की माणूस. सोवळं नेसून. विचारा."

मी आत गेले आणि विचारलं. मामांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग मान हलवली.

"नाही गो. चालू नाही करणार. माझ्या बापानं नवमीला कात्री उचलली नाही, मी नाही. ह्यानं वर्षभर राबायचं आणि एक दिवस झोपायचं नाही? हे काय बरं दिसतंय?"

"मामा, बायकांना वाटतंय त्यांना पुन्हा हाकललं."

मामांनी समईची वात सारखी केली. "काल ह्या आल्या आणि आज बंद असणार, हे मी आधी सांगायला पायजे होतं. माझी पाळी हाय." मग म्हणाले, "माझा नंबर दे त्यांना."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

"फोनची पूजा नाही केलीस रे?" अप्पांनी विचारलं.

"फोन आयुध कसला? काम करू देत नाही तो."

शकीलानं नंबर पसरवला. जेवायची वेळ होईपर्यंत मामांचा फोन तापला. मामी पानावर ओब्बट्टू वाढत होत्या, म्हणजे पुरणपोळी, पण तूप वर इतकं की पोळी दिसू नये. आणि मामा एका हातानं जेवत होते, दुसऱ्या हातात फोन.

"हां, पांडुरंग बोलतो. म्हैसूर. हौदु, होय, बंद हाय... कंपनी नव्हे अम्मा, मी. मीच बंद केलो... बरं. बरं. चुकलो. उद्या सकाळी... नाही, तुमचं काय पुसलं नाही. झोपलंय फक्त."

बायका सुरुवात रागानं करायच्या. एकीनं तर असं फैलावर घेतलं की आवाज माझ्यापर्यंत येत होता. मामा ऐकत राहिले. पण दुसऱ्या बाजूला माणूस आहे म्हटल्यावर राग फार वेळ टिकत नाही, हे मी त्या दुपारी पाहिलं. कुणी विचारलं, तुमच्यात नैवेद्य काय असतो. कुणी विचारलं, माझी आजी तिकडची, तुम्ही आमच्यातले का. हिंगोलीची एक बाई शिव्यांच्या काठावरून निघून मुंढ्याला चुण्या का पडतात इथपर्यंत पोचली, तेव्हा मामा उभे राहून हवेत बोटांनी बेतून दाखवू लागले, जसं काही तिला दिसतंय.

सगळ्याच समजल्या असं नाही. काहीजणींनी फोन केलाच नाही. त्या पुन्हा कंपनीच्या जागेवर गेल्या आणि तिथं नवा गट काढला. अजून तिथंच आहेत.

संध्याकाळी मंजुळा आली आणि बापावर कानडीत तुटून पडली. शब्द कळले नाहीत. गरजही नव्हती, लेकीचा आवाज सगळीकडे सारखाच असतो. ती थकल्यावर मामांनी मला विचारलं, "तुमच्यात नवमीला आयुध कधी उठतं गो?"

"दुपारी."

"मग एक डबा तू घे की. आमचा झोपंल तेव्हा तुझा जागा. तुझ्या बायका तुझ्या डब्यात. आमची वाटी येत राहील."

"दुसरा डबा हवा, हे दोन वर्षं सांगतेय मी," मंजुळा म्हणाली.

मी घाबरले. म्हटलं, "मला कसं जमेल? माझी आठवी."

"पप्पांची सहावी," मंजुळा म्हणाली.

दशमी

सकाळी मामांनी अंघोळ करून डब्यावरचं फूल काढलं, ते डोळ्यांना लावलं आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. थोड्या वेळानं बायका बोलू लागल्या. पहिला आवाज हिंगोलीच्या बाईचा, चुण्या गेल्या म्हणून सांगणारा. गाव सगळं हत्तींची मिरवणूक बघायला निघालं होतं. मी मामींना रात्रीच्या प्रवासाच्या चपात्या लाटू लागले. मिरवणुकीचा वाद्यांचा आवाज तेवढा घरी ऐकू आला.

निघताना मामांना वाकून नमस्कार केला. म्हटलं, तुमचे उपकार आहेत. मामा म्हणाले, "उपकार कसले? सुम्ने, गुमान जा, आणि झाकण घालू नको त्याला."

जिंतूर

तसाच एक डबा आता माझ्या दुकानात आहे. मंजुळानं फोनवरून एकेक तार सांगितली, शकीलानं लावली. आमच्याकडे लाईट जाते. शकीला म्हणते, तिकडं देव झोपवतो, इकडं लाईटवाले. मशीनच्या मोटरीला इन्व्हर्टर होता, त्यालाच जोडलाय. इन्व्हर्टरही संपला आणि अंधार झाला की म्हैसूरकडचे निरोप तिकडेच थांबतात आणि लाईट आली की येतात.

गेल्या आठवड्यात इथं निवडणुकीचं वारं सुटलं. आमच्यातली सरला, चांगली कारागीर, तिनं ब्लाउजच्या पाठीवर पक्षाचं चिन्ह भरलं आणि फोटो टाकून खाली मत मागितलं. आम्हीही कट्टा केला आहे. मी तो फोटो तिकडे हलवला. पाठ सुंदर भरली होती, ते लिहायला विसरले नाही.

तिचा लगेच फोन आला. "इंदू, तू कोण गं ठरवणारी?"

अप्पांचा प्रश्न सरलेच्या आवाजात आला.  मी म्हटलं, "मीच हलवला. चुकलं असेल तर रविवारी दुकानात ये. बाकीच्यांनाही बोलावते. बसून ठरवू."

ती म्हणाली, "येतेच." आणि ठेवला.

गटाच्या तोंडाशी माझा नंबर लिहिलेला आहे, ज्याला हवा त्याला दिसेल असा. फोन वाजला की मशीन थांबवते आणि उचलते.